'बालमित्र'कार भा. रा. भागवत

बालवाङ्मयाचा विचार आपल्या टीकाकारांनी बहुधा फावल्या वेळीच केला आहे. काव्य, कादंबरी आणि नाटक यांची पंगत उठली, की उरल्यासुरल्या पानावर मुलांच्या पुस्तकांना वाढायचे, हा आपल्या समीक्षेचा जुना शिरस्ता आहे. त्यामुळे भास्कर रामचंद्र भागवत यांच्याविषयी आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. परीक्षण मात्र थोडे झाले. ज्यांच्या पुस्तकांवर दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्या लेखकाला केवळ 'लहानपणीचा आनंद' म्हणून निकालात काढणे हे कृतज्ञतेचे लक्षण असेल, रसिकतेचे नव्हे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कामगिरीचा, विशेषतः लेखक आणि प्रकाशक या दुहेरी नात्याने त्यांनी केलेल्या खटाटोपाचा, थोडा विचार करावयाचा आहे.

भागवतांचा जन्म १९१० सालचा, आणि तोही इंदूरचा. मराठी मुलखाच्या सीमेबाहेर जन्मलेल्या या लेखकाकडे बृहन्महाराष्ट्रातील वाचकाने किंचित आपलेपणाने पाहिले, तर त्यास कोणी दोष देऊ नये. ते मोठे झाले तेव्हा मराठी बालवाङ्मयाची एक परंपरा सिद्ध झालेली होती. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' काढले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. या दोघांनीही एक गोष्ट ओळखली होती. मुलांसाठी लिहिणाऱ्याला केवळ लिहून भागत नाही. छपाई, चित्रे, वर्गणी आणि टपाल यांचा भारही त्यालाच वाहावा लागतो. कारण मूल स्वतः पुस्तक विकत घेत नाही, आणि जो वडीलधारा घेतो तो ते वाचत नाही. या दोहोंमधील दरी लेखकालाच स्वतःच्या खांद्यावरून ओलांडून द्यावी लागते.

हीच परंपरा भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढून पुढे चालविली. पत्नी लीलावतीबाई या स्वतः जाणत्या बालसाहित्यिका. या उद्योगात त्यांची साथ होती. परंतु काळ बदलला होता. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, मद्रासेहून निघणाऱ्या 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती घरोघर येऊ लागली. अनेक भाषांतून एकाच चित्रांवर निघणाऱ्या त्या मासिकाचे बळ कोण्या एकट्या मराठी संपादकापाशी असणे शक्य नव्हते. 'बालमित्र' फार वर्षे चालले नाही. तरी या प्रयत्नाला व्यर्थ म्हणता येत नाही. मासिकाचा संपादक दरमहा वाचकाच्या उंबरठ्यावर उभा असतो. कोणत्या ओळीला मूल जांभई देते आणि कोणत्या ओळीला पान उलटते, हे त्याला पत्रांतून कळत जाते. भागवतांच्या पुढील लेखनातील अचूक वेग याच शाळेत घडला असावा, असे मानावयास जागा आहे.

हा अनुभव केवळ आपलाच आहे असे नाही. जॉर्डनमधील तघरीद नज्जार या लेखिकेने १९९६ साली अम्मान येथे 'अल-सलवा' ही मुलांच्या पुस्तकांची प्रकाशनसंस्था काढली आणि पुढे अरबी बालवाङ्मयातील मानाचे पुरस्कार मिळविले. तेथील अडचण आपल्या ओळखीची आहे. शाळेतील ग्रंथभाषा एक, घरातील बोली दुसरी. आणि मुलासाठीच्या पुस्तकात उपदेशाचे वजन इतके, की गोष्ट त्याखाली गुदमरावी. अशा ठिकाणी लेखकाला प्रकाशक व्हावे लागते, कारण त्याच्या मनातले पुस्तक छापावयास दुसरा कोणी तयार नसतो. भागवतांचे कार्य या जागतिक पार्श्वभूमीवर ठेवले, म्हणजे ते एका हौशी माणसाचे साहस न वाटता भाषेची एक निकड वाटू लागते.

त्यांच्या अनुवादांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावेच पाहावीत. त्यांत भाषांतराचा वास नाही. 'मुक्काम' हा शब्द टपालाच्या पत्त्यातला. तो धूमकेतूला जोडताच विश्वाचे ते भयाण अंतर एकदम शेजारच्या गावाइतके होते. परक्या कल्पनेला मराठी घरात पाटावर बसविण्याची ही हातोटी विद्वत्तेने येत नाही. ती मुलांशी बोलून येते. पुस्तकांचे वेड लागलेला बिपिन बुकलवार त्यांनी निर्माण केला, तोही याच जातीचा. वाचन हे पराक्रमाचे एक साधन आहे, हे त्या पात्राने न सांगता पटविले.

तथापि भागवतांची खरी निर्मिती म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. काडीसारखा मुलगा, सायकलीवर स्वार, पुण्याच्या विद्याभवनचा विद्यार्थी, आणि तोंडात ते 'ट्टॉक'! लेखक स्वतःही या कथांत पात्र होऊन येतो आणि या पोराच्या उचापतींपुढे थोडा गोंधळूनच उभा राहतो. मोठ्या माणसाने शहाणपणाचे आसन सोडून मुलाच्या मागे धावावे, ही आपल्या बोधप्रधान बालवाङ्मयात एक लहानशी क्रांतीच होती.

या क्रांतीचा अर्थ मला पुस्तकांपेक्षा एका स्थळी अधिक स्पष्ट झाला. दिल्लीकडील मराठी मंडळी दरवर्षी १४ जानेवारीस पानिपतजवळच्या काला अंब येथे जमतात. १७६१ साली रणात सांडलेल्या रक्ताने तेथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी लोककथा आहे. झाड आज नाही. त्या जागी विटांचा स्तंभ आहे. तेथे माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, आपण हरलो ना? मग इथं का आलो?" मी त्याला सदाशिवरावभाऊ, विश्वासराव यांची नावे सांगितली. त्याने ती ऐकून घेतली. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या नावांत नव्हते.

आपली भाषाच मुलाच्या हाती पानिपत पराभवाच्या रूपाने देते. 'पानिपत होणे', 'संक्रांत कोसळणे', 'विश्वास पानिपतात जाणे' हे संप्रदाय त्याला इतिहासाच्या आधी भेटतात. आपल्या ऐतिहासिक बालकथांनी त्यावर उपाय म्हणून तलवारीचा खणखणाट वाढविला. त्या कथांची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते, की दिल्लीच्या सरकारी वसाहतीत वाढणाऱ्या, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि घरी मोडकी मराठी बोलणाऱ्या मुलाला ती तलवार उचलता येत नाही. शौर्य हे कोणा पूर्वजाचे, दूरच्या मुलखातील, आणि तेही संपलेले, अशी त्याची समजूत होते.

भागवतांनी शौर्याला वर्तमानात आणले. त्यांचा नायक काश्मीरपर्यंत भटकतो; १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या काळातील कथेत तो थेट युद्धाच्या छायेत जातो. हे युद्धही आपण जिंकलेले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. हरलेल्या लढाईच्या काळातही एका मुलाला करण्याजोगे काही उरते. डोळे उघडे ठेवता येतात, भ्यालेल्या सोबत्याचा हात धरता येतो, चुकीच्या माणसाला प्रश्न विचारता येतो. पराभवाविषयी मुलांशी बोलण्याची ही रीत जितकी प्रांजळ, तितकीच पौष्टिक आहे. माझ्या मुलाचा काला अंब येथील प्रश्न ज्या लेखकाला ऐकू आला असता, तो भागवतांसारखा लेखक होय.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. या कथांत योगायोगाचा सुकाळ आहे. खलपुरुष बहुधा मूर्ख असतात, आणि नायकावरचे संकट फार काळ खरे वाटत नाही. मुलींच्या वाट्याला साहस बेताचेच आले आहे. शिवाय त्यांचे जग मुख्यतः पुणेरी पांढरपेशांचे. फुरसुंगीचे गाव नावाने येते, पण तेथील शेत आणि कष्ट क्वचितच पानावर उतरतात. पुढे माधुरी पुरंदरे यांनी मुलाच्या नित्याच्या, साध्या जीवनात जी खोली शोधली, तिची अपेक्षा भागवतांकडून करता येत नाही. वेगाची किंमत त्यांनी अशी मोजली आहे.

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला. पुरंदरे यांना तो २०१४ साली मिळाला. भागवत २००१ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या नायकावर दूरदर्शनची मालिका झाली, २०१७ साली चित्रपटही निघाला. लौकिक मिळाला, तो असा नायकाला. हे एका परीने भूषणच आहे. परंतु मासिक काढणारा, अंकाची जुळवाजुळव करणारा तो दुसरा भागवत त्यामुळे झाकला गेला. पुरस्कार पुस्तकाला मिळतो. पुस्तकापर्यंत मुलाला आणणाऱ्या हमालीला कोणी मानपत्र देत नाही.

ती हमाली आता आपल्याकडे आली आहे. मराठी मुलखाबाहेर मराठी बालवाङ्मयाचा ग्राहक दिवसेंदिवस विरळ होत आहे. मंडळांच्या कपाटांत संतचरित्रे आणि नाटके सुखरूप आहेत. मुलांच्या पुस्तकांचा खण बहुधा रिकामाच सापडतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दरसाल पाच-दहा पुस्तके घ्यावीत, आणि रविवारी कोणी जाणत्याने ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. अवघड शब्द अडले तर अडू द्यावेत. गोष्टीच्या ओढीने मूल ते शब्द ओलांडून पुढे जाते. भागवतांच्या वाक्यांत ती ओढ आहे, हे एवढे जरी आपण ओळखले, तरी त्यांच्या वाङ्मयाची योग्य समीक्षा होण्यास आरंभ झाला असे म्हणता येईल.