थडग्यातील पुरावा आणि श्रद्धेचा पाया

येशू ख्रिस्तांची कबर सापडली, त्यांच्या अस्थींची पेटी मिळाली, ते काश्मीरमध्ये येऊन तेथेच निवर्तले, अशा आशयाचे दावे गेल्या सव्वाशे वर्षांत वेळोवेळी पुढे आले आहेत. आपल्या धम्मबांधवांपैकी काहीजण हे दावे उत्साहाने सांगतात आणि आता ख्रिस्ती धर्माचा पाया ढासळला, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे काय, आणि तो अशा घाईने काढणे धम्माच्या कसोटीस उतरते काय, हे दोन प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत.

ख्रिस्ती श्रद्धेत कबरीला जे स्थान आहे ते प्रथम समजून घेतले पाहिजे. येशू क्रुसावर मरण पावले, त्यांना कबरीत ठेवण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उठले, ही त्या श्रद्धेची मध्यवर्ती गोष्ट होय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्वतःच मान्य करतो की, ख्रिस्त उठले नसतील तर सारा उपदेश व्यर्थ ठरेल. म्हणून येशूंच्या अस्थी सापडल्या असे कोणी म्हणताच हा प्रश्न थेट श्रद्धेला भिडतो. विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान यांच्यासारख्या ख्रिस्ती विचारवंतांनी पुनरुत्थानाचा अर्थ कबरीच्या इतिहासापासून वेगळा काढला. परंतु सामान्य श्रद्धावंताची भूमिका पौलाचीच राहिली आहे. बौद्धांची स्थिती याहून वेगळी आहे. भगवंतांच्या देहाचे दहन झाले व त्यांच्या अस्थींचे आठ भाग करण्यात आले, हे महापरिनिब्बान सुत्तच सांगते. तथागतांचा देह अनित्य होता, हे आपल्याला कोणा उत्खननकाराकडून कळावयाचे नाही.

आता प्रत्यक्ष दाव्याकडे वळू. मार्च १९८० मध्ये जेरुसलेमच्या पूर्व तालपियोत भागात इमारतीसाठी खोदकाम चालू असता खडकात कोरलेली एक कबर उघडी पडली. तीत चुनखडीच्या दहा अस्थिपेट्या मिळाल्या व त्यांपैकी सहांवर नावे कोरलेली होती. ‘योसेफाचा पुत्र येशू’, ‘मारिया’, ‘योसे’, ‘येशूचा पुत्र यहूदा’ ही त्यांतील काही नावे. आमोस क्लोनर यांनी १९९६ मध्ये या कबरीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला; त्या काळच्या ज्यू कुटुंबाची ही एक कबर, यापलीकडे तीत त्यांना काही दिसले नाही. मात्र २००७ मध्ये सिमखा याकोबोविची यांनी दिग्दर्शित केलेल्या व जेम्स कॅमेरॉन यांच्या निर्मितीसाह्याने निघालेल्या माहितीपटाने ही नाझरेथच्या येशूंच्या कुटुंबाचीच कबर असल्याचे जगाला सांगितले.

या माहितीपटाची युक्तिवादाची रीत तपासण्याजोगी आहे. त्या काळी येशू, योसेफ, मारिया, यहूदा ही नावे ज्यू समाजात अत्यंत प्रचलित होती. अशी नावे एकत्र येण्याच्या संभाव्यतेचे गणित माहितीपटाने मांडले. पण एका पेटीवरील ग्रीक नाव मरिया मग्दालियेचेच, हे आधीच धरून चालल्यावर गणिताचे उत्तर हवे तसे येणारच. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले, की गणित हा पुरावा राहत नाही. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. दोन पेट्यांतील अवशेषांच्या डीएनए तपासणीत त्या दोन व्यक्तींचे आईकडून नाते नाही, एवढेच दिसले. यावरून त्या दोघांचा विवाह झाला असावा, असे सुचविण्यात आले. परंतु आईकडून नाते नसलेली माणसे बाप-लेक असू शकतात, सावत्र भावंडे असू शकतात, दीर-भावजय असू शकतात. शिवाय एकाच पेटीत अनेकांच्या अस्थी ठेवण्याची तेथे रीत होती. तपासणी खरी; तिच्यावर चढविलेला निष्कर्ष मात्र पोकळ.

श्रीनगरच्या खानयार भागातील रोझाबल या दर्ग्याची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. तेथे युझ आसफ नावाच्या पुरुषाची समाधी मानली जाते. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे युझ आसफ म्हणजेच येशू, असे प्रतिपादन केले. परंतु या नावाचा प्रवास अभ्यासकांनी शोधला आहे. ‘बोधिसत्त्व’ या शब्दापासून ‘बुदासफ’ झाला, आणि अरबी लिपीत ब व य यांत केवळ टिंबांचा फरक असल्याने ‘बुदासफ’चा ‘युदासफ’ झाला. भगवंतांच्या गृहत्यागाची कथा या नावाने पश्चिमेकडे गेली आणि तेथे संत जोसाफट या रूपाने ख्रिस्ती संतांच्या मालिकेत जाऊन बसली. आपले बांधव ज्या नावाच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेवर घाव घालू पाहतात, ते नाव मुळात बोधिसत्त्वाचे आहे!

मग अस्थींवरून काही सिद्ध होतच नाही काय? होते, गोव्याचे उदाहरण त्यासाठी पाहावे. जॉर्जियाच्या राणी केतेवान यांनी धर्म सोडण्यास नकार दिला, म्हणून सप्टेंबर १६२४ मध्ये इराणचा शाह अब्बास याच्या हुकमाने शिराझ येथे त्यांना हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन साधूंनी त्यांच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणून ठेवला. पोर्तुगीज दस्तऐवजांत त्या जागेचे वर्णन होते. मठाच्या भग्नावशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला अस्थी मिळाल्या, आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. जो जनुकीय गट आढळला तो भारतातील हजारो नमुन्यांत नव्हता. जॉर्जियातील नमुन्यांत होता. दस्तऐवज, जागा आणि जनुके असे तीन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. तरीही २०१४ च्या शोधनिबंधाने शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द ठेवला. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला अर्पण केला. हा ‘बहुधा’ शब्द म्हणजे शास्त्राचे शील होय. अस्थी केतेवान यांच्या असाव्यात, एवढे शास्त्राने सांगितले. त्या संत होत्या किंवा नव्हत्या, यावर ते बोलले नाही.

हीच कसोटी आपण आपल्या घरी लावतो काय? १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथील स्तूप उघडला. एकात एक ठेवलेल्या करंडकांपैकी सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे असल्याचे मानले गेले. हा स्तूप प्राचीन आहे, तो बौद्धांचा आहे, त्या तुकड्यांना सोन्यात ठेवण्याइतकी उपासकांची श्रद्धा होती, हे सर्व सिद्ध आहे. पण ते तुकडे भगवंतांच्याच पात्राचे होते, हे सांगणारा लेख तेथे नाही. हे मान्य केल्याने सोपाऱ्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिलेला मार्ग स्पष्ट आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी गृहत्यागाच्या परंपरागत कथेवर प्रश्न उभा केला. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी निःसंकोचपणे लिहिले. चिकित्सेचे शस्त्र त्यांनी प्रथम आपल्याच परंपरेवर चालविले. कालामांना भगवंतांनी केलेला उपदेशही हाच आहे: ऐकीव म्हणून स्वीकारू नका, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. आपल्याला सोयीचे आहे म्हणून स्वीकारा, असे त्यात कोठेही नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ज्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे काम उभे केले, त्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आदिवासी, ख्रिस्ती व बौद्ध एकमेकांच्या शेजारी राहतात. तेथील आदिवासी ख्रिस्ती माणसाला येशूंचा धर्म भेटला तो मिशनच्या शाळेतून, वसतिगृहातून आणि माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीतून. जेरुसलेमच्या अस्थिपेट्यांतून नव्हे. डिसेंबर १९९८ मध्ये गुजरातच्या डांग जिल्ह्यात अशाच आदिवासींच्या प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. धर्मांतराचा हक्क स्वतः बजावलेल्या समाजाने दुसऱ्याच्या धर्मांतराची कच्च्या पुराव्यावर टिंगल करावी, हे त्या हल्लेखोरांच्या हाती कोलीत देण्यासारखे आहे.

याचा अर्थ ख्रिस्ती सिद्धान्तांची चिकित्सा करू नये, असा मुळीच नाही. ईश्वर, आत्मा, पुनरुत्थान यांविषयी आपला मतभेद मूलभूत आहे आणि तो उघडपणे मांडलाच पाहिजे. परंतु तो अनित्य, अनात्म व प्रतीत्यसमुत्पाद यांच्या बळावर मांडावा. आपल्या अभ्यासवर्गांतून अशा दाव्यांची चर्चा होईल तेव्हा वस्तू कोठे सापडली, तिच्यावर काय लिहिले आहे, आणि लिहिलेल्यापलीकडचे कोण बोलत आहे, हे तीन प्रश्न प्रथम विचारले जावेत. ज्यांच्या धम्माला रिकाम्या कबरीची गरज नाही, त्यांना भरलेल्या कबरीचीही गरज पडू नये.