काळाचा चकवा

भुताखेतांच्या चित्रपटांविषयी एका प्राध्यापकाने गंभीरपणे लिहावे, हे पुष्कळांस रुचणार नाही. काही वर्षांपूर्वी ते मलाही रुचले नसते. जन्मभर शेक्सपिअर आणि मार्लो शिकविल्यामुळे भयाचा खरा अधिकार शोकांतिकेकडेच आहे आणि पडद्यावरची किंकाळी ही तिची स्वस्त नक्कल होय, अशी माझी समजूत होऊन बसली होती. ती समजूत मिरकरवाड्यात मोडली.

रत्नदुर्गाच्या पायथ्याचे हे बंदर पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली म्हणजे अगदी निराळे दिसू लागते. होड्या नांगरून पडलेल्या, लिलावाचा गलका थांबलेला, आणि जाळी विणण्याचे व सांधण्याचे काम तेवढे चाललेले. माझे दोन जुने विद्यार्थी, दोघेही मच्छीमारांच्या घरचे, या दिवसांत जाळ्यांच्या खोलीत भिंतीवर चादर ताणून चित्रपट पाहत असतात. आपणही एक चित्रपट काढावा अशी त्यांची उमेद आहे. पैसा अर्थातच नाही. तेव्हा थोडक्या पैशांत निघालेले भयपट त्यांनी धुंडाळावयास आरंभ केला, आणि धुंडाळता धुंडाळता ते एका विशिष्ट जातीपाशी येऊन थांबले. या जातीच्या चित्रपटांत एखादा दिवस, एखादी रात्र किंवा एखादा तासच संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि माणूस त्यात अडकून पडतो. इंग्रजीत याला टाइम लूप म्हणतात. मला त्यांनी परीक्षक म्हणून बोलाविले. मी गेलो तो थोडासा उपकार केल्याच्या भावनेने गेलो, हे कबूल केले पाहिजे.

कल्पना काही आजची नव्हे. १९४५ साली इंग्लंडातील ईलिंग चित्रसंस्थेने ‘डेड ऑफ नाइट’ नावाचा बोलपट काढला. एक वास्तुशिल्पज्ञ खेड्यातील एका घरी पाहुणा म्हणून येतो आणि तेथील सारी मंडळी आपण पूर्वी स्वप्नात पाहिली आहेत असे त्याच्या ध्यानात येते. प्रत्येक जण आपापला विलक्षण अनुभव सांगतो, प्रकरण विकोपास जाते, इतक्यात तो जागा होतो. आणि थोड्याच वेळात त्याची मोटार पुन्हा त्याच घराकडे वळते. हॉइल, बॉन्डी आणि गोल्ड हे तीन शास्त्रज्ञ हा बोलपट पाहून आले आणि विश्वालाही असाच आरंभ आणि शेवट नसेल तर, असा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगतात. त्यांनी १९४८ साली मांडलेली स्थिर विश्वाची उपपत्ती पुढे टिकली नाही. बोलपट टिकला आहे.

आपल्याकडे तर याहून फार जुना दाखला आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात घेतलेली वेताळपंचविशी आठवावी. राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, आणि प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते. स्थळ एकच स्मशान, पात्रे दोन, रात्र एक. यापेक्षा कमी खर्चाची रचना कोणत्या निर्मात्यास सुचली असती? पण खरी खुबी खर्चात नाही. राजाला पुन:पुन्हा मागे नेते कोण? त्याचे स्वतःचे ज्ञान. उत्तर ठाऊक असता गप्प राहिला तर डोके फुटावयाचे, आणि बोलला तर फेरा चुकावयाचा नाही. ज्या गोष्टीचे उत्तर त्याला सुचत नाही, त्या गोष्टीला तो मुकाट्याने चालत राहतो, आणि तेथे फेरा तुटतो. मला वाटते, या सबंध चित्रपटजातीचे मर्म त्या एका प्रसंगात आहे. काळ परत येतो यात भय थोडे. तो आपल्याच स्वभावाच्या बळाने परत येतो, यात ते खरे आहे.

ही कसोटी लावून पाहिले म्हणजे नाचो विगालोन्दो या स्पॅनिश दिग्दर्शकाचा ‘टाइमक्राइम्स’ (२००७) किती श्रेष्ठ आहे हे कळते. नवीन घरात राहावयास आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ दुर्बिणीतून समोरच्या रानात पाहतो. तेथे त्यास एक तरुणी कपडे उतरविताना दिसते. बायको बाहेर गेल्यावर तो कुतूहलाने तिकडे जातो. तोंडाला गुलाबी पट्टी गुंडाळलेला कोणी इसम त्याच्या दंडात कात्री खुपसतो. तो पळत एका प्रयोगशाळेत शिरतो, तेथील तरुणाच्या सांगण्यावरून एका यंत्रात लपतो, आणि बाहेर येतो तो सुमारे तासभर आधीच्या वेळेत. पुढे त्याचे डोके फुटते, तो रक्ताने भिजलेली पट्टी तोंडाला गुंडाळतो, आरशात पाहतो, आणि ज्याच्या भीतीने आपण धावत सुटलो तो आपणच, हे त्यास उमगते. इथवर केवळ चातुर्य आहे. चतुर चित्रपट पुष्कळ असतात. परंतु यापुढे हा साधा, घरगुती, बायकोवर प्रेम करणारा माणूस ‘सारे पूर्वीसारखे व्हावे’ एवढ्या एका निरुपद्रवी इच्छेने त्या अनोळखी मुलीला रानात नेऊन कपडे उतरवावयास लावतो, कारण मघा तसे घडले होते. अखेरीस बायकोचा जीव वाचावा म्हणून तो त्या मुलीचे केस कापतो, तिला बायकोचा कोट घालतो आणि बायकोच्या जागी मृत्यूच्या तोंडी देतो. नंतर दोघे नवराबायको बागेत खुर्च्या टाकून बसतात आणि दुरून पोलिसांच्या गाडीचा आवाज येऊ लागतो. चार मुख्य पात्रे, एक घर, एक रान आणि टेकडीवरची एक इमारत. मॅकबेथला पाप करावयास राज्याचा लोभ लागला. या गृहस्थाला आपली संध्याकाळ पूर्ववत हवी होती, इतकेच.

येथे अल्प खर्चाचा प्रश्न येतो. एकच देखावा तीनदा वापरला म्हणजे पैसा वाचतो, म्हणून गरीब निर्माते या कल्पनेकडे वळतात, असे माझ्या विद्यार्थ्यांचे म्हणणे. ते खरे आहे; पण अर्धेच खरे आहे. पुनरावृत्ती स्वस्त असली तरी ती प्रेक्षकाच्या धीराची परीक्षा घेते, आणि बहुतेक चित्रपट तेथेच गारद होतात. आमच्या शिमग्यातील खेळ्यांत संकासुर दरवर्षी येतो. त्याचा काळा वेष, उंच टोपी आणि घुंगरांचा आवाज सर्वांस पाठ असतो, तरी पोरे दरवर्षी घाबरतात आणि दरवर्षी मागे धावतात. तेच पुन्हा पाहताना आपण बदललेलो असतो, हे त्या खेळाला ठाऊक आहे. पुष्कळशा चित्रपटांना ते ठाऊक नसते. ते केवळ घड्याळ मागे फिरवितात.

ख्रिस्तोफर स्मिथचा ‘ट्रायअँगल’ (२००९) खर्चाच्या दृष्टीने इतका लहान नव्हे, पण मिरकरवाड्यात तो पाहण्याला अर्थ आहे, कारण त्यात समुद्र आहे. वादळात शिडाची होडी उलटते आणि तीवरील मंडळी एका रिकाम्या मोठ्या जहाजावर चढतात. त्यांतील एक तरुण आई तेथील हत्याकांडाच्या फेऱ्यात सापडते. यातील दोन दृश्ये मी विसरणार नाही. एकात जहाजावर एकाच बाईची अनेक प्रेते पडलेली दिसतात. दुसऱ्यात किनाऱ्यावर मेलेला समुद्रपक्षी फेकावयास गेली असता त्या आईला तशाच मेलेल्या पक्ष्यांची रास दिसते. म्हणजे काळ मागे गेला तरी केलेले पुसले जात नाही. त्याचा ढीग साचत जातो. जहाजाचे नाव ग्रीक पुराणातील सिसिफसच्या बापाचे आहे, हे विद्यार्थ्यांना मी मोठ्या ऐटीने सांगितले.

खोलीच्या कोपऱ्यात एका विद्यार्थ्याचे आजोबा जाळे सांधत बसले होते. वृद्ध तांडेल, पन्नास वर्षे समुद्रावर काढलेली. त्यांनी मान वर न करता आपल्या बोलीत जे म्हटले त्याचा आशय असा की, ही बाई चकव्यात सापडली आहे. चकवा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसास सांगावयास नको. रात्री ओळखीच्या वाटेने जाणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी, त्याच बांधाशी येतो, तो चकवा. त्यावर उपाय एकच सांगतात: चालावयाचे थांबावे, बसून राहावे, उजाडले म्हणजे वाट आपोआप दिसते. ‘मग ही बसत का नाही?’ असे तांडेलांनी विचारले.

माझ्या सिसिफसपेक्षा हा प्रश्न फार पुढचा होता. ती बसत नाही, कारण आपल्या मुलाला तिने मारझोड केली आहे आणि तो तिच्या डोळ्यांदेखत अपघातात गेला आहे. बसली तर ते मान्य करावे लागेल. म्हणून परत येण्याचे वचन टॅक्सीवाल्यास देऊन ती ते मोडते आणि पुन्हा बंदरावर जाते.

अश्विन सरवणन यांच्या ‘गेम ओव्हर’ (२०१९) या तमिळ-तेलुगू चित्रपटात फेऱ्याकडे पाहण्याची याच्या उलट दृष्टी आहे. चाकांच्या खुर्चीवर खिळलेली एक तरुणी, घरात एक प्रेमळ मोलकरीण, आणि बाहेर खुनी. खेळातल्याप्रमाणे नायिकेला तीन आयुष्ये मिळतात आणि तिसऱ्या खेपेस ती जिंकते. पूर्वार्ध मला अतिशय आवडला. मागील वर्षी सोसलेला आघात त्याच तारखा जवळ येऊ लागताच तिच्या अंगात पुन्हा जागा होतो, अंधार सोसवेनासा होतो; हा काळाचा फेरा कोणाही दुखावलेल्या माणसास ठाऊक आहे, आणि त्यासाठी भुताची गरज नाही. उत्तरार्धात मात्र आयुष्ये मोजता येऊ लागली आणि माझे भय ओसरले. पुन्हा संधी आहे हे कळले की मृत्यू परीक्षेसारखा होतो. विद्यार्थ्यांना माझे हे म्हणणे पटले नाही. ‘सर, तिला जिंकू द्यायचं नाही का?’ असे त्यांतला धाकटा म्हणाला. यावर मजपाशी चांगले उत्तर नव्हते, आजही नाही.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ केले ते अमेरिकेतील जस्टिन बेन्सन आणि ॲरन मूरहेड या जोडीने. लिहिणे, छायाचित्रण, संकलन आणि अभिनय यांतली बरीचशी कामे दोघे स्वतःच करतात. ‘द एंडलेस’ (२०१७) मध्ये दोघांनी दोन भावांच्या भूमिका केल्या आहेत. लहानपणी एका पंथाच्या वसाहतीतून सुटून आलेले हे भाऊ शहरात घरे साफ करून कसेबसे जगतात, आणि धाकट्यास परत जावेसे वाटते, कारण तेथे निदान जेवण बरे होते. त्या प्रदेशात प्रत्येक जागेचा फेरा निराळा. कोणाचा काही वर्षांचा, कोणाचा काही तासांचा. आणि एका तंबूतील माणसाचा अवघ्या काही क्षणांचा, की ज्यात त्याला ओरडावयासही पुरता वेळ मिळत नाही. परंतु तंबूतल्या माणसापेक्षा वसाहतीतली हसरी, वय न वाढलेली माणसे अधिक भयंकर वाटतात. त्यांनी फेरा पत्करला आहे. घरी आल्यावर मी टेबलावरच्या टिपणांकडे पाहिले. मार्लोवरची ती टिपणे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी काढली होती.

आपल्या मातीतील चित्रपट म्हणून राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चा (२०१८) उल्लेख केलाच पाहिजे. तो हिंदी आहे, काटेकोर अर्थाने काळाच्या फेऱ्याचा नाही, आणि त्याच्या पावसाळी छायाचित्रणास कित्येक वर्षे लागली. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीशी त्याचा संबंध नावापुरताच. गाव मात्र आमच्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले. १९१८ पासून १९४७ पर्यंतच्या काळात तोच वाडा, तीच विहीर, तीच कणकेची बाहुली आणि तेच सोन्याचे नाणे. ज्या आजीच्या देहातून झाड उगवले आहे, तिचे काय झाले हे पाहूनही विनायक दोर सोडून खाली उतरतो, आणि मुलालाही तेच शिकवितो. येथे फेरा काळाचा नसून वंशाचा आहे. शेवटी बापाने पुढे केलेली नाणी पोरगा घेत नाही. तांडेलांच्या भाषेत सांगावयाचे तर तो खाली बसतो. विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’त (२०१७) उसाच्या फडातील घराचा चकवा असाच पूर्वीच्या पातकातून निघतो, पूजा सावंत यांचे काम उत्तम आहे, मात्र शेवटी संदेश फार मोठ्याने बोलला जातो.

आता विद्यार्थ्यांच्या वहीविषयी. पहिल्या मसुद्यात जाळ्यात एक कोरीव काळा दगड सापडतो आणि त्या शापाने होडीवर तीच रात्र पुन्हा पुन्हा येते. मी म्हटले, दगड काढून टाका. त्यांनी ‘डेड ऑफ नाइट’चा दाखला दिला: तेथे तर पातकही नाही नि कारणही नाही, तरी भय आहेच ना? ही हरकत योग्य होती आणि ती मी मान्य केली. तथापि पुढच्या भेटीत दगड गेला होता. नव्या मसुद्यात वादळाच्या रात्री बंदराकडे परतणाऱ्या तांडेलास वायरलेसवर दुसऱ्या होडीची हाक ऐकू येते. तो उत्तर देत नाही. सकाळ होत नाही; पुन्हा तीच लाट, तोच चहा, तीच हाक. एक केबिन, एक नट आणि एक आवाज.

त्यांनी हे वाचून दाखविले तेव्हा आजोबा कोपऱ्यात होतेच. वाचन संपण्यापूर्वीच ते हातातले जाळे खाली ठेवून उठले आणि बाहेर जेटीवर जाऊन उभे राहिले. पाऊस पडत होता. कोणी काही विचारले नाही, मीही विचारले नाही.

बंदी उठली आणि दोघेही होड्यांवर गेले. वही माझ्यापाशी ठेवून गेले आहेत. तिच्या अखेरीस दोन शेवट आहेत, दोन निराळ्या हस्ताक्षरांत. एकात तांडेल होडी हाकेच्या दिशेने वळवितो. दुसऱ्यात तो वायरलेस उचलतो, आणि पान तेथेच कोरे सोडलेले आहे.