तात्पुरत्या फाइल्स रॅममध्ये: पेपर बरोबर, वापर चुकीचा

पीटर स्नायडर यांचा टीएमपीएफएसवरचा 1990 चा पेपर संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांनी जरूर वाचावा. सन मायक्रोसिस्टिम्समधलं काम, दावा मोजका: कंपायलरसारखे प्रोग्रॅम ज्या फाइल्स बनवतात आणि लगेच पुसतात, त्या डिस्कपर्यंत जाऊच नयेत. (त्याच वर्षी मॅक्यूसिक, कॅरेल्स आणि बॉस्टिक यांनी बीएसडीसाठी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, मजा येते.)

दाव्यातला महत्त्वाचा शब्द 'अल्पायुषी'. नेमका तोच आपण गाळला आणि 'रॅम म्हणजे वेगवान' एवढंच लक्षात ठेवलं. खरं तर लिनक्सवर साधी फाइलसुद्धा आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्येच जाते. लगेच पुसलेली छोटी फाइल बरेचदा डिस्कला शिवतही नाही. म्हणजे फायदा वाटतो तेवढा नाही.

तोटा मात्र मला सानपाड्याच्या खोलीत, 8 जीबीच्या लॅपटॉपवर कळला. डेबियन 13 पासून /टीएमपी मुळातच टीएमपीएफएसवर असतं, कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. माझी सीएसव्ही 6 जीबीची. सॉर्ट कमांड दिली, थोड्या वेळाने उत्तर आलं: जागा शिल्लक नाही. डिस्कवर 200 जीबी मोकळे! सॉर्ट तात्पुरत्या फाइल्स का लिहितो? डेटा मेमरीत मावत नाही म्हणून. आणि आपण त्या कुठे ठेवल्या? मेमरीत. स्वॅप असेल तर ही पानं शेवटी डिस्कवरच जातात, ते वेगळंच.

पण हे निदान एरर देऊन थांबतं. पुढची चूक गप्प बसते. डेटाबेस लिहिलेलं टिकावं म्हणून एफसिंक करतो, आणि टीएमपीएफएसवर एफसिंक काहीच करत नाही, लगेच 'झालं' म्हणून परत येतो. अशा जागी घेतलेला बेंचमार्क सुंदरच दिसणार. माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात एसक्यूलाइटचा असाच एक तक्ता होता. टेस्ट स्क्रिप्ट डेटाबेस /टीएमपीमध्ये बनवत होती, माझ्या ध्यानीमनीही नाही. आकडे इतके छान आले की मी कारणसुद्धा लिहून टाकलं होतं.

तुमची /टीएमपी कशावर आहे ते 'डीएफ -टी' (मोठा टी) सांगेल. मोठ्या फाइल्ससाठी /व्हार/टीएमपी आहे, तिथलं रीबूटनंतरही राहतं. बरेच प्रोग्रॅम टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल पाळतात, सॉर्टसुद्धा. तो तक्ता मी डिस्कवर पुन्हा मोजतोय, आणि कारणाचा परिच्छेद सध्या काढून ठेवलाय.