नभोनाट्याची प्रत : जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि आस्वाद

अमेरिकेतील नभोनाट्याच्या बहराचा काळ नेमका केव्हा सुरू झाला याविषयी मतभेद संभवतात. तो केव्हा संपला याविषयी मात्र जवळजवळ एकमत आहे. ३० सप्टेंबर १९६२ रोजी सीबीएस या प्रसारणसंस्थेने ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या आपल्या शेवटच्या दोन नाट्यमालिका बंद केल्या, आणि सुमारे तीन दशके घराघरांत ऐकला गेलेला हा नाट्यप्रकार त्या देशाच्या मुख्य प्रवाहातून नाहीसा झाला. त्यानंतर जन्मलेल्या आणि त्या देशाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकाला आज त्यातील हजारो प्रयोग आंतरजालावर ऐकता येतात. एकट्या ‘सस्पेन्स’ मालिकेचे नऊशेहून अधिक भाग उपलब्ध आहेत. नील वर्मा यांच्या ‘थिएटर ऑफ द माइंड’ (२०१२) या ग्रंथासारखी समीक्षा अशी हजारो ध्वनिमुद्रणे ऐकूनच लिहिली गेली आहे. एखाद्या साहित्यप्रकाराचे साधनसाहित्य त्याच्या मृत्यूनंतर इतक्या विपुलतेने हाती यावे, ही घटना दुर्मीळच म्हणावी लागेल.

परंतु या विपुलतेमुळे एक प्रश्न दृष्टीआड होतो. आपण ऐकतो ते नेमके काय असते? ‘अमुक नाटक ऐकले’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात आपण त्या नाटकाच्या एका प्रयोगाच्या एका मुद्रणाची एक प्रत ऐकलेली असते. हस्तलिखितांच्या बाबतीत हा विवेक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. ध्वनीच्या बाबतीत तो अद्याप पडलेला नाही, आणि त्याची किंमत समीक्षेला मोजावी लागते, असे मला वाटते.

प्रथम या प्रती कशा निर्माण झाल्या ते पाहू. एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही मोठ्या प्रसारणसंस्थांचा १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मुद्रित कार्यक्रम प्रसारित करण्यास विरोध होता. नाटक जिवंतच व्हावयाचे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळांत तीन तासांचे अंतर असल्याने अनेक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा सादर होत. बिंग क्रॉसबीने १९४६ मध्ये एबीसीवर आधीच मुद्रित केलेला कार्यक्रम सुरू केला, तेव्हा या नियमाला मोठे खिंडार पडले. तरीही जिवंत प्रयोगांचे मुद्रण होतच असे. जाहिरातदाराला दाखविण्यासाठी, नटाला स्वतःचे काम ऐकण्यासाठी, कचेरीतील नोंदीसाठी. लॅकरचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटे मावत. युद्धकाळात ॲल्युमिनियम दुर्मीळ झाल्यावर काचेच्या तबकड्या आल्या, त्या हातातून निसटल्या की संपल्या. अर्ध्या तासाच्या नाटकाच्या मध्यावर आवाजाचा पोत एकाएकी बदललेला ऐकू येतो, तो बहुधा तबकडीची बाजू बदलल्याचा ठसा असतो. पोथीचे पान उलटल्यावर अक्षराचे वळण बदललेले दिसावे, तसाच हा प्रकार.

या तबकड्यांना पुढील पिढीचे वाचक लाभले ते हौशी संग्राहकांच्या रूपाने. साठ-सत्तरच्या दशकांत फितींच्या रिळांची टपालाने देवघेव सुरू झाली. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्पर्डव्हॅक’ ही संस्था स्थापन झाली. नभोनाट्य, विविधरंगी कार्यक्रम आणि विनोदिका यांचे जतन हा तिचा हेतू तिच्या लांबलचक नावातच सांगितलेला आहे. पुढे कॅसेट आली. नव्वदीच्या अखेरीस एमपी-थ्री हे संक्षिप्त ध्वनिरूप आले आणि एका सीडीवर शंभराच्या आसपास नाटके मावू लागली. आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ‘ओल्ड टाइम रेडिओ रिसर्चर्स’ या संग्राहकगटाने संपादित केलेले संच मोफत ऐकता येतात. त्यांत तारखा पडताळलेल्या असतात, एकाच प्रयोगाची दोन नावे असल्यास त्यांचा मेळ घातलेला असतो, चांगली प्रत मिळाली की जुनी बदललेली असते. हे संपादनच आहे; फक्त आपण त्याला तसे म्हणत नाही.

येथे मराठी अभ्यासकाला एकनाथांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या बाबतीत हेच कार्य आधुनिक शास्त्राच्या आधारे केले. मात्र या दोन आदर्शांमध्ये एक भेद आहे. एकनाथांची प्रत शुद्ध झाली, पण टाकलेले पाठ कोणते हे तिच्यावरून कळत नाही. सुखटणकरांच्या आवृत्तीत टाकलेला पाठही तळटीपेत जिवंत राहतो. संग्राहकांची परंपरा आजवर एकनाथांच्या वाटेने चाललेली आहे. उत्तम प्रत आली की बाकीच्या मागे पडतात. आस्वादासाठी ते योग्यच. अभ्यासासाठी?

ल्युसील फ्लेचर यांच्या ‘सॉरी, राँग नंबर’ या नाटकाचे उदाहरण घेऊ. ‘सस्पेन्स’ मालिकेत ते २५ मे १९४३ रोजी प्रथम सादर झाले. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री नवऱ्याच्या कचेरीत दूरध्वनी लावू पाहते. तारांची गफलत होऊन तिला दोन पुरुषांचे संभाषण ऐकू येते. त्या रात्री एका स्त्रीचा खून व्हावयाचा आहे. ती ऑपरेटरला, पोलिसांना सांगू पाहते, आणि आपले ऐकले जात नाही असे तिच्या लक्षात येत जाते. ती स्त्री आपणच, हे तिला कळते तेव्हा वेळ उरलेली नसते. या नाटकाचे सामर्थ्य त्याच्या माध्यमनिष्ठेत आहे. नायिकेला जग फक्त कानाने कळते आणि श्रोत्यालाही. तिची खोली आणि आपली खोली यांत भेद उरत नाही. क्रमांक फिरविण्याची घरघर, रेषा व्यस्त असल्याचा नाद, पुलावरून जाणारी गाडी, एवढीच काय ती या नाटकाची सजावट. १९४८ मध्ये खुद्द फ्लेचर यांच्याच पटकथेवरून अनातोल लिटवाक यांनी चित्रपट केला. त्यात पूर्वकथा आली, प्रशस्त घर आले, जिना आला. म्हणजे नायिकेला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला दिसू लागले. तुलनेसाठी हे उदाहरण वर्गात फार उपयोगी पडते.

मात्र तुलना करताना नभोनाट्याची कोणती प्रत आपण लावतो? ॲग्नेस मूरहेड यांनी ही भूमिका ‘सस्पेन्स’मध्ये १९४३ ते १९६० या काळात एकूण आठ वेळा केली. पहिल्या प्रयोगात शेवटच्या क्षणी एका नटाचा संकेत चुकला आणि खून झाला की टळला याविषयी काही श्रोत्यांचा गोंधळ उडाला. पुढील आठवड्याच्या भागात निवेदकाला त्याचा खुलासा करावा लागला, आणि २१ ऑगस्ट १९४३ रोजी नाटक पुन्हा सादर झाले. आता, ज्याने केवळ ‘उत्कृष्ट निवडक नाटके’ अशा संचातून हे नाटक उतरवून घेतले त्याच्यापुढे हा प्रश्नच येत नाही. त्याला बहुधा निर्दोष प्रयोग मिळतो. ज्याने मालिका ओळीने ऐकली त्यालाच पुढच्या आठवड्याचा खुलासा भेटतो आणि पहिल्या रात्रीच्या श्रोत्याची अस्वस्थता कळते. मी स्वतः प्रथम १९५०च्या दशकातील एक प्रयोग ऐकून त्यावर टिपणे काढली होती. नंतर पहिला प्रयोग ऐकला तेव्हा मूरहेड यांच्या आवाजाच्या चढणीविषयी लिहिलेले बरेचसे खोडावे लागले. त्यातही एक मेख आहे. तबकडी किंवा फीत उतरवून घेताना वेग किंचित चुकला तरी स्वर चढतो वा उतरतो. तेव्हा अभिनेत्रीच्या स्वराविषयीचे विधान प्रत्यक्षात कोणा अज्ञात संग्राहकाच्या यंत्राविषयीचे विधान ठरू शकते.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची कथा याहून प्रसिद्ध आणि म्हणूनच अधिक फसवी आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी रात्री ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी नाट्यमंडळाने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीचे हॉवर्ड कॉख यांनी केलेले रूपांतर सादर केले. मंगळवासीयांच्या आक्रमणाच्या बनावट बातम्या ऐकून देशभर घबराट पसरली, असे आपण वाचत आलो. हॅडली कॅन्ट्रिल यांच्या १९४० च्या अभ्यासाने या घटनेला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. अलीकडील संशोधकांचे मत असे की घबराट झाली ती मर्यादित होती आणि वृत्तपत्रांनी ती फुगविली. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला दोन गोष्टी लगेच जाणवतात. पहिली, आरंभीच नाट्यमंडळाचे आणि कादंबरीकाराचे नाव स्पष्ट उच्चारलेले आहे. दुसरी, मध्यंतरानंतरचा भाग बातमीच्या रूपात नाहीच. ते एका प्राध्यापकाचे रूढ पद्धतीचे आत्मनिवेदन आहे, आणि खरे सांगावयाचे तर ते बरेच कंटाळवाणे आहे. कीर्ती मिळाली ती अर्ध्या नाटकाला.

तथापि मुद्रणाच्या आधारे दंतकथा खोडताना आपण दुसऱ्या चुकीत सापडतो. फाइल नेहमी शून्यापासून सुरू होते. त्या रात्री बहुसंख्य श्रोते दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन आणि त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी यांचा कार्यक्रम ऐकत होते. त्यांतील काहींनी मध्येच केंद्र बदलले असेल तर त्यांना प्रारंभीची घोषणा मिळालीच नाही. उशिरा आलेला श्रोता हा नभोनाट्याच्या रचनेत गृहीत धरलेला घटक आहे, आणि संग्रहातून तोच पुसला जातो. आपण सारे वेळेवर येऊन बसलेले, केव्हाही थांबविण्याची मुभा असलेले श्रोते असतो. हा आस्वाद खोटा नव्हे. पण तो वेगळा आहे, वाचनाच्या जवळचा आहे.

हेच प्रसारणाच्या परिसराविषयी म्हणता येईल. युद्धकाळात सैनिकांसाठी ‘आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस’ने लोकप्रिय कार्यक्रमांच्या तबकड्या जगभर पाठविल्या, त्यांतून जाहिराती काढून टाकलेल्या असत. अनेक प्रयोग आज केवळ याच रूपात टिकून आहेत. ते ऐकणाऱ्याला ‘सस्पेन्स’ म्हणजे निखळ भयनाट्य वाटते. १९४३ च्या डिसेंबरनंतरचे मूळ प्रसारण ऐकले की भय आणि रोमा वाइन यांची सांगड किती घट्ट होती ते कळते. उलट टोकाचे उदाहरण वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्राचे. त्या केंद्राने २१ सप्टेंबर १९३९ चा आपला संपूर्ण दिवस, पहाटेपासून मध्यरात्रीनंतरपर्यंतचा, तबकड्यांवर उतरवून ठेवला. हे सुमारे एकोणीस तासांचे मुद्रण संग्राहकांत आजही फिरते. त्यात आर्थर गॉडफ्रीची सकाळची बडबड आहे, दुपारच्या कौटुंबिक मालिका आहेत, बेसबॉलचा सामना आहे, आणि तटस्थतेच्या कायद्यासंबंधी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे काँग्रेसपुढील भाषणही आहे. युरोपात युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झालेले. आणि साबणाची जाहिरात, नायिकेचे अश्रू व अध्यक्षांचा गंभीर स्वर एकाच पेटीतून, एकाच पातळीवर येतो आहे. कौटुंबिक मालिकांचा एखादा सुटा भाग ऐकून त्यांना भाबडे म्हणणे सोपे आहे. या दिवसाच्या ओघात तोच भाग ऐकताना त्यांच्या संथपणाचा अर्थ निराळा लागतो.

टिकलेले हेच श्रेष्ठ, असेही समजू नये. ‘एमॉस अँड अँडी’ ही १९२८ पासूनची दैनिक मालिका त्या काळी अफाट लोकप्रिय होती. दोन गोरे नट कृष्णवर्णीय पात्रांची नक्कल करीत. तिच्या आरंभीच्या पंधरा मिनिटांच्या भागांची मुद्रणे अत्यल्प आहेत, लिखित संहिता मात्र आहेत. १९४३ नंतरच्या अर्ध्या तासाच्या विनोदिकेची मुद्रणे पुष्कळ. वंशभेदाच्या चर्चेत दोहोंना एक मानून अवतरणे दिली जातात, हे योग्य नव्हे. स्मरणरंजनाच्या ओढीने जमलेल्या संग्रहात या मालिकेच्या शेजारी तिला झालेल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या विरोधाची नोंद क्वचितच आढळते. दुसरीकडे आर्च ओबोलर यांचे ‘चिकन हार्ट’ हे १९३७ चे भयनाट्य. ज्यांनी ते ऐकले त्यांच्या आठवणींतून ते प्रसिद्ध आहे, पण मूळ प्रसारणाचे मुद्रण उपलब्ध नाही. १९६२ मध्ये ओबोलर यांनी स्वतः एका लाँगप्ले तबकडीसाठी ते संक्षेपाने पुन्हा घडविले, आणि संग्रहांतून तेच ‘चिकन हार्ट’ म्हणून फिरते. लेखकानेच केलेली असली, तरी ती पंचवीस वर्षांनंतरची प्रत होय.

याचा अर्थ संग्राहकांच्या उत्साहाकडे विद्यापीठीय तुच्छतेने पाहावे असा नाही. प्रसारणसंस्थांनी टाकून दिलेल्या तबकड्या ज्यांनी वाचविल्या, त्यांच्याविना हा लेख लिहिताच आला नसता. त्यांच्याजवळ असलेली माहिती, म्हणजे कोणती प्रत कोणत्या तबकडीवरून आली, कोणी खरखर काढली, कोणी वेग सुधारला, ही आज बहुतेक तोंडी किंवा फाइलच्या नावात कोंबलेली असते. ती लिहून ठेवणे तातडीचे आहे, कारण रिळांच्या काळातील पिढी आता मावळत आहे. खरखर काढण्याच्या तंत्राविषयी तर माझे मत स्पष्ट आहे : स्वच्छ केलेली प्रत ऐकावी, पण मूळ प्रत पुसू नये. यंत्राने खरखर पुसताना मागचा श्वास, कागदाची सळसळ आणि पावलांचा शेवटचा मंद ध्वनीही पुसला जातो, आणि ‘सॉरी, राँग नंबर’च्या शेवटी श्रोत्याचे कान नेमके त्या पावलांकडेच लागलेले असतात.

आपल्याकडे श्रुतिकेचा विचार आजवर प्रामुख्याने छापील संहितेवरून झाला. अमेरिकन अभ्यासकांपुढे मुद्रणांची गर्दी आहे आणि आपल्यापुढे पुस्तकांची. दोन्ही ठिकाणी प्रयोग हाती येत नाही, पण तो निसटतो तो निरनिराळ्या फटींतून. पुढील चर्चासत्रात २५ मे १९४३ आणि २१ ऑगस्ट १९४३ हे दोन प्रयोग लागोपाठ, कोणता कोणता हे न सांगता, ऐकवावेत आणि चुकलेला शेवट कोणाला अधिक भयप्रद वाटतो ते विचारावे, असे मी योजले आहे.