पाळक, पाळत आणि मंडळी : उमेदवारीच्या काळाचे एक वाङ्मयीन वाचन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे समीक्षालेखन झाले आहे, त्याचे लक्ष प्रायः एकाच क्षणावर खिळलेले दिसते. तो क्षण बाप्तिस्म्याचा. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'चा सारा ओघ १८५४ मधील त्यांच्या बाप्तिस्म्याकडे वाहत जातो. नारायण वामन टिळकांच्या चरित्राची चर्चा १८९३ मधील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी झालेल्या भेटीपासून सुरू होते आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत झालेल्या धर्मांतरापाशी तिचा परमोत्कर्ष होतो. पुढचे आयुष्य जणू त्या क्षणाचे परिशिष्ट. धर्मांतराचे कथन म्हणजे एका निर्णयाचे कथन, आणि निर्णयात नाट्य असते, हे खरे. परंतु निर्णयानंतर माणसाला जे शिकावे लागते, त्यात नाट्य कमी आणि वेळ फार जातो. वाङ्मयेतिहासकारांना हा वेळ सहसा दिसत नाही.

टिळकांच्या बाबतीत हा वेळ नऊ वर्षांचा आहे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पाळकपदाची दीक्षा त्यांना मिळाली १९०४ मध्ये. या अवधीत अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत होते, म्हणजे जे तरुण पुढे खेडोपाडी मंडळ्या सांभाळणार होते त्यांना घडवीत होते. आणि स्वतः मात्र अद्याप दीक्षित पाळक नव्हते. गुरू आणि उमेदवार या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्याचे हे उदाहरण आहे. व्हॅन गेनेपने १९०९ मध्ये संक्रमणविधींची जी मीमांसा केली आणि पुढे व्हिक्टर टर्नरने जिचा विस्तार केला, तिच्यात मधल्या अवस्थेला, उंबरठ्यावरच्या अवस्थेला, मोठे महत्त्व आहे. उंबरठ्यावरचा माणूस जुन्या घरात नसतो आणि नव्यातही पुरता नसतो. मात्र टर्नरच्या विवेचनातील ही अवस्था बहुधा विधीपुरती असते. नऊ वर्षे उंबरठ्यावर काढणाऱ्याला तेथेच चूल मांडावी लागते. चूल म्हटली की ती मांडणारी व्यक्ती आली, आणि येथेच 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचा वेगळा विचार करणे प्राप्त होते.

त्याआधी दोन शब्दांकडे पाहू. 'पाळक' हा शब्द ख्रिस्ती मराठीने मेंढपाळाच्या बायबलमधील प्रतिमेवरून घडविला, हे उघड आहे. परंतु शब्द एकदा भाषेत शिरला की भाषेतले त्याचे नातेवाईक त्याला भेटायला येतात. मराठीत आपण गाय पाळतो, तसेच सोवळे पाळतो, सुतक पाळतो, दिलेला शब्द पाळतो. पहिल्या अर्थी पाळणारा दुसऱ्याचे पोषण करतो. दुसऱ्या अर्थी तो स्वतःलाच एका नियमात बांधून घेतो. पाळक होऊ घातलेल्या उमेदवाराचा सगळा पेच या एका धातूत आहे : कळप पाळण्याआधी त्याला पुष्कळ काही पाळावे लागते. या कुळातला तिसरा शब्द आहे 'पाळत'. मिशेल फूकोने १९७७-७८ च्या आपल्या व्याख्यानांत मेंढपाळी सत्तेची जी संकल्पना मांडली, ती समजावून देताना मला या शब्दाचा फार उपयोग होतो. प्रत्येक मेंढराची वेगळी काळजी वाहणारा हा प्रत्येक मेंढरावर नजर ठेवणाराही असतो. काळजी आणि पाळत यांना वेगळे करता येत नाही. उमेदवाराची स्थिती अशी, की ही नजर त्याच्यावर वरूनही असते आणि खालूनही. ज्येष्ठ पाळक व मिशनरी त्याला पारखत असतात, आणि ज्यांना तो सांभाळायला शिकतो आहे ते लोकही त्याचे कपडे, त्याचा स्वयंपाक, त्याची उधारी पाहत असतात.

दुसरा शब्द 'मंडळी'. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणारा श्रद्धावंतांचा समुदाय. पण जुन्या मराठी घरांत नवरा 'आमची मंडळी' म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ बायको असा असे. तिचे नाव घ्यायचे नाही म्हणून तिला अनेकवचनात टाकायचे, अशी ती रीत. 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ मंडळीने लिहिलेले पाळकाचे चरित्र आहे, असे मी म्हणतो तेव्हा शब्दांशी खेळण्याचा हेतू नाही. टिळकांची पहिली मंडळी लक्ष्मीबाईच होत्या. आणि ही मंडळी सुरुवातीला त्यांच्या मागे आली नाही, ही वस्तुस्थिती आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बराच काळ माहेरच्या माणसांत राहिल्या, नंतर नगरास आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. म्हणजे टिळकांच्या उमेदवारीतील निम्म्याहून अधिक काळ त्यांच्या कुटुंबातच त्यांचा उपदेश न मानणारी व्यक्ती होती. कोणत्याही विद्यालयाने यापेक्षा कठीण परीक्षा घेतली नसती.

या ग्रंथातील विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो निर्मळ आहे, निरागस आहे, असे सांगण्याची आपल्याकडे प्रथाच पडली. मला हे वर्णन अपुरे वाटते. टिळकांचा विसराळूपणा, हातात पैसा न टिकणे, कोणीही यावे आणि घरात राहावे अशी त्यांची वृत्ती, हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात; पण हे हसू एक वाङ्मयीन कामही करते. धर्मसेवकाच्या चरित्राला संतचरित्राचा आकृतिबंध सहज चिकटतो. लक्ष्मीबाईंचा विनोद तो चिकटू देत नाही. संताच्या औदार्याची कथा सांगणारा भक्त त्या औदार्याचा हिशेब ठेवत नाही. येथे निवेदिकेला दुसऱ्या दिवशीची भाजी आणायची आहे. उमेदवारावर खालून असलेली जी नजर वर म्हटली, ती या ग्रंथात निवेदनाची दृष्टीच झाली आहे.

येथे एक तुलना करावीशी वाटते. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच १९३६ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज बेर्नानोस यांची एका ग्रामीण धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपातील कादंबरी प्रसिद्ध झाली. आंब्रिकूर नावाच्या खेड्यात नव्याने नेमलेला एक तरुण, आजारी, अननुभवी धर्मगुरू तीत आपले अपयश लिहून ठेवतो. गाव त्याच्याकडे संशयाने पाहते. पोटाच्या विकारामुळे तो पाव आणि द्राक्षारस यांवरच जगतो, आणि त्यावरून लोक त्याला मद्यपी ठरवतात. त्याच्याकडे पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांची बाजू आपल्याला थेट ऐकू येत नाही. कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी. त्याला मंडळी एकाच अर्थाने असते. म्हणून रोजनिशीचे कोरे पानच त्याचे एकमेव साक्षीदार बनते आणि कादंबरीचा सूर अखेरपर्यंत एकाकी राहतो. प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरात साक्षीदार जेवायला बसलेला असतो. बेर्नानोसची कादंबरी श्रेष्ठ आहे यात वाद नाही. तथापि उमेदवाराच्या चुका हास्यास्पद असू शकतात, आणि तरीही त्या उमेदवाराचे मोल कमी होत नाही, हे तिला सांगता येत नाही. लक्ष्मीबाईंना येते.

उमेदवारीचा सर्वांत अवघड भाग भाषेचा. श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर छापले गेले. तेव्हापासून ख्रिस्ती मराठीची एक स्वतंत्र बोली तयार होत गेली, आणि तिच्यातील वाक्यरचनेचा परकेपणा जाणत्यांना सतत खुपत राहिला. सामान्य बायकांना कळेल असे बायबल मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले. व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या नवख्या उपदेशकाने कोणत्या मराठीत बोलावे? नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधीच झाला होता. टिळकांनी कीर्तन आणि अभंग यांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचे श्रेय त्यांच्या संस्कृत व्युत्पत्तीला आणि घरच्या संस्काराला देण्यात येते. ते अंशतः बरोबरही आहे. पण आरंभीच्या संस्कृतप्रचुर कवितेपासून अभंगाच्या साधेपणापर्यंतचा त्यांचा प्रवास केवळ काव्यविकास म्हणून वाचणे एकांगी ठरते. राहुरी-नगर भागातील ज्या श्रोत्यांपुढे त्यांना बोलावे लागले, त्यांतील बहुसंख्य महार आणि मांग समाजातून आलेले होते. त्यांना जे कळत नव्हते ते टिळकांनी टाकून दिले. शिकवणारा येथे शिकत होता, असे मला दिसते.

आणि हे शिकवणारे कोण होते? हा प्रश्न माझा नव्हे. सहा-सात वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत असता नगर जिल्ह्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने तो विचारला. टिळक ज्यांना शिकवीत त्यांच्यापैकी कोणाचे पुस्तक आपल्या अभ्यासक्रमात आहे का, असे त्याचे शब्द होते. मी काही तरी सर्वसाधारण उत्तर दिले. पुढच्या आठवड्यात तो एक जुनी वही घेऊन आला. त्याचे आजोबा खेड्यातले 'मास्तर' होते : आठवडाभर शाळा चालवायची, रविवारी उपासना घ्यायची, आणि वरिष्ठ पाळकांच्या देखरेखीखाली दीक्षेची वाट पाहायची. वही त्या वाट पाहण्याच्या वर्षांतली, १९५० च्या दशकातली. डाव्या पानावर उपदेशाची टिपणे, उजव्या पानावर ज्वारी, रॉकेल आणि दवाखान्याचा हिशेब. त्याला यावर लघुप्रबंध लिहायचा होता. ही सामग्री वाङ्मयीन नाही, समाजशास्त्राच्या विभागात विचारून पाहा, असे मी त्याला सांगितले. त्याने मुकाट्याने टिळकांच्या निसर्गकवितेवर लिहिले. चांगले लिहिले; पण तसे त्या आधीही अनेकांनी लिहिले होते.

त्या वहीच्या अकरा पानांची छायाप्रत माझ्याकडे राहिली. ती मी नंतर वाचली, आणि माझा अभिप्राय मला मागे घ्यावा लागतो. टिपणांवर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या आहेत. त्या वरिष्ठांच्या असाव्यात. 'लई' खोडून 'फार', 'मंग' खोडून 'मग', 'तवा' खोडून 'तेव्हा'. आरंभीच्या पानांवर अशा खुणा दाट आहेत. आठव्या पानापर्यंत त्या विरळ होतात, कारण उमेदवार प्रमाणभाषेत लिहायला शिकला आहे. आणि त्याच पानांतील वाक्ये निर्जीव होत गेली आहेत. भाषा पाळायला शिकलेल्या माणसाची ती वाक्ये आहेत. नवव्या पानावर मात्र एका लहान मुलाच्या दफनाच्या वेळचा उपदेश आहे, आणि त्यात एकदम 'लई' परत येतो, 'मंग' परत येतो, वाक्ये अर्ध्यावर तुटतात. शास्त्रवचनाचा निर्देश नाही, तीन मुद्दे नाहीत. समोरच्या पानावर हिशेबही नाही. माझ्या वाचनात पाळकपणाच्या उमेदवारीचे इतके नेमके दस्तऐवजीकरण दुसरे आलेले नाही, आणि टिळक दांपत्याच्या चित्पावनी घरातून ते मिळणे शक्यही नव्हते. 'स्मृतिचित्रे'त पाळत ठेवणारी नजर बायकोची आहे, म्हणून ती हसू शकते. या वहीत ती लाल पेन्सिलीची आहे. 'यमुनापर्यटना'ला मराठी कादंबरीच्या परंपरेत मानाचे स्थान मिळवून देण्यासाठी नेमाडे यांना जे युक्तिवाद करावे लागले, ते येथे पुन्हा करावे लागतील; फरक एवढाच की यावेळी समोर छापील पुस्तक नाही.

त्या नवव्या पानावर लाल पेन्सिलीने एकही शब्द खोडलेला नाही. वरिष्ठांनी ते वाचले होते, हे निश्चित. कारण खाली समासात त्यांचा बारीक अक्षरातला शेरा आहे : 'वेळ ४० मिनिटे. कमी करावा.'