लाकडावरची अक्षरे : एक पुस्तक आणि आमची पाटी

दोन वर्षांपूर्वी आम्ही अल्फारेटातील आमच्या दारासाठी एक लाकडी पाटी करवून घेतली. वर हिब्रूत 'शालोम', खाली मराठीत आडनाव आणि त्याखाली 'अल्फारेटा', म्हणजे कोकणातल्या आडनावाला नव्या गावाची जोड. (पुढे आमच्या पतवंडांना कोणी अल्फारेटाकर म्हटले तर नवल नाही.) मजकूर संगणकावरून पाठविला, यंत्राने कोरला, आठ दिवसांत पाटी घरी आली. लाकूड अक्रोडाचे, पॉलिश सुरेख. परंतु 'शालोम' डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलटे कोरलेले. आडनावातील पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली. 'अल्फारेटा'तील ल पायमोडका होऊन फपासून अलग पडलेला. मुलगा, सून, नातवंडे, शेजारी, सर्वांनी पाटी वाखाणली. चूक एकालाही दिसली नाही. आम्हाला वाईट वाटले ते याचे.

भांडण करण्याऐवजी आम्ही पटाश्या विकत घेतल्या आणि सोबत ख्रिस पाय या इंग्रज कोरीवकाम्याचे 'लेटरकार्व्हिंग इन वुड' हे १९९७ सालचे पुस्तक आणले. लाकडात अक्षरे कोरण्याचा हा अभ्यासक्रमच आहे. आपल्या समाजातील निवृत्त मंडळी अशा छंदांकडे वळत आहेत, म्हणून हे पुस्तक आपल्या कामाचे किती, हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम त्याचे गुण. लेखक घाई करीत नाही. हत्याराला धार कशी लावावी, अक्षर आधी कागदावर कसे काढावे, दोन अक्षरांमधील जागा डोळ्याने कशी तोलावी, हे सांगितल्यावरच तो विद्यार्थ्याला लाकडाकडे नेतो. खोदीव आणि उठावाची, दोन्ही तऱ्हेची अक्षरे शिकवितो. खोदीव अक्षर म्हणजे दोन उतरत्या भिंतींची चर. भिंतींचा कोन एकच ठेवायचा असतो, त्यामुळे रेघ जितकी रुंद तितकी चर खोल. ही एक गोष्ट समजली की निम्मे काम समजले. पस्तीस वर्षे वॉर्डात काढल्यामुळे आम्हाला एवढेच वाढवावेसे वाटते की दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवावेत. बोथट पाते अधिक कापते, कारण ते ढकलावे लागते आणि मग निसटते.

परंतु पुस्तकाची सारी बैठक रोमन अक्षरांची आहे. रोममध्ये इसवी सन ११३ च्या त्राजान स्तंभाच्या पायथ्याशी जी अक्षरे आहेत, त्यांच्या वळणाची. त्या अक्षरांविषयी एडवर्ड कॅटिच यांचा १९६८ सालचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. हे गृहस्थ तारुण्यात शिकागोत पाट्या रंगवीत, पुढे आयोवात पाद्री झाले. ती अक्षरे आधी चपट्या कुंचल्याने दगडावर लिहिली गेली आणि मग छिन्नीने खोदली गेली, असे त्यांचे प्रतिपादन. आम्हाला ते पटते. अक्षर मुळात लिहिणाऱ्याच्या हातचे असते, कोरणारा मागून येतो. मग आमची अक्षरे कोणाच्या हातची?

हिब्रूत जाड रेघ आडवी आणि बारीक रेघ उभी, म्हणजे रोमनच्या बरोबर उलट. पाटीची फळी आडवी धरली की लाकडाचे तंतूही आडवे जातात. रोमन अक्षराची जाड रेघ तंतूंना छेदून जाते आणि भिंत स्वच्छ निघते. हिब्रूची जाड, खोल रेघ तंतूंच्या बाजूने धावते. तंतू जरा जरी तिरके असले तरी पटाशी त्यांच्यामागे आत शिरते आणि टवका उडतो. एक भिंत डावीकडून तर दुसरी उजवीकडून कापावी लागते. हे आम्ही दोन फळ्या वाया घालवून शिकलो. याची भरपाई मात्र दारात होते. ऊन वरून पडले की आडव्या चरीची वरची भिंत सावलीत जाते आणि खालची उजळते, म्हणून ओसरीत हिब्रू अक्षर रोमनपेक्षा लांबून वाचता येते.

खरा धोका दालेत आणि रेश यांचा. दालेतचा कोपरा काटकोनी, मागे किंचित टाच निघालेला. रेशचा कोपरा गोल. शेमामधील 'एहाद' या शब्दाचा शेवटचा दालेत तोराच्या गुंडाळीत मोठा लिहितात. तेथे रेश वाचला गेला तर 'एक' याचा 'अहेर', म्हणजे 'दुसरा', होतो. (आपल्या लग्नातल्या आहेराशी याचा संबंध नाही.) यंत्राचे गोल फिरणारे पाते खळग्याचा कोपरा आपल्या गोलाईइतका गोलच सोडते. टोकदार पाते लावून ते कोपऱ्यात वर उचलले तर कोन निघतो, पण ते सांगायला अक्षर ओळखणारा माणूस लागतो. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर बाकी बहुतेक विसरले, शेमा तेवढा विसरले नाहीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो शेमा दिवाणखान्याच्या भिंतीसाठी यंत्रावर कोरून घेणाऱ्यांनी निदान तो एक कोपरा भिंग लावून पाहावा.

आता देवनागरी. बोरूची चोच रोमन लेखणीच्या उलट तिरकी कापतात, म्हणून जाड-बारीक रेघाही उलट बाजूंना पडतात. ज्यांनी शाळेत कित्ता गिरविला त्यांच्या हाताला हे ठाऊक आहे, पुस्तकाला नाही. शिवाय शिरोरेषा. खोदीव देवनागरीत शिरोरेषेची लांब चर आणि तिच्या खाली ब, व यांची गोल पोटे. त्या पोटातला लाकडाचा इवलासा ठोकळा पहिल्या चुकीला उडतो. उठावाच्या अक्षरांत तीच शिरोरेषा तंतूंच्या बाजूने जाऊन सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. उभ्या काड्या तेवढ्या बुडाशी रुंद ठेवाव्या लागतात. आमचे मत असे की हिब्रू खोदून काढावी आणि मराठी उठावात. एका पाटीवर दोन्ही असली तरी काही बिघडत नाही.

नमुना कोणता घ्यावा? बहुतेक मंडळी संगणकातला 'मंगल' छापून फळीवर चिकटवितात. तो टंक र. कृ. जोशींसारख्या थोर सुलेखनकाराने केला, पण केला पडद्यावर वाचण्यासाठी. लाकडात तो निर्जीव दिसतो. त्यापेक्षा जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या एखाद्या जुन्या पुस्तकाचे पान मोठे करून घ्यावे. ती अक्षरे पोलादावर हातानेच कोरलेली होती, म्हणून त्यांची वळणे पटाशीला लगेच समजतात.

लाकडाविषयी थोडे. येथे 'हार्डवुड' म्हणून जे विकतात ते सगळे कठीण नसते. बासवुड रुंद पानांच्या झाडाचे म्हणून त्या वर्गात मोडते, पण नखाने ओरखडते. शिकायला तेच उत्तम. ओकची भोके मोठी, बारीक अक्षराला तो नको. चेरी उजेडात काळवंडत जाते आणि छान दिसते. सागवानाचा मोह आपल्याला होणारच, पण त्यात सिलिकाचे कण असतात आणि धार बघता बघता जाते.

वेलबुट्टीबद्दल आम्हाला फारसे म्हणायचे नाही. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये कोचीनच्या कडवुंबागम सिनेगॉगचा कोरीव लाकडी अंतर्भाग १९९५ पासून मांडलेला आहे. तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना नक्षी किती असावी हे वेगळे सांगायला नको. दाराच्या पाटीला एक कमळ पुरे.

नवी पाटी आम्ही स्वतः कोरली. शालोम उजवीकडून सुरू होतो, वेलांटी जागेवर आहे, ल्फ जोडलेला आहे, आणि मेमच्या एका कोपऱ्याला टवका उडाला आहे. यंत्राची पाटी हिच्यापेक्षा गुळगुळीत होती हे मान्य.

मधल्या नातवाने शेजारी बसून धाकट्या भावाच्या खोलीसाठी बासवुडवर 'भाऊ' कोरायला घेतले. भच्या शिरोरेषेत मध्ये जागा सोडायची असते हे आम्ही त्याला सांगितले, पण रेघ लांबच लांब गेली आणि वरचे वळणही तिच्यात बुडाले. 'माऊ' झाले. धाकट्याने पाटी दारावर लावली, आईवडिलांनी फोटो काढला. आम्ही त्याला दुसरी फळी दिली आहे. ती अजून कोरी आहे.