गॅट्सबीचा जनाजा

आम्ही सातपूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. जूनमध्ये मुलांकडून माहितीचा फॉर्म भरून घेतो. वडिलांच्या व्यवसायापुढे ‘हमाल’ किंवा ‘हेल्पर’ लिहायला लाजून काही मुले नुसते ‘कंपनी’ लिहितात. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) वाचताना आम्हाला तोच रकाना आठवला.

गॅट्सबी हा मुळात नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, जेम्स गॅट्झ. दारूबंदीच्या काळात तो बेकायदा दारूवर गबर होतो, हवेली घेतो, मेजवान्या देतो. संपत्तीचा पोकळपणा दाखवणारी कादंबरी, असे तिच्याविषयी नेहमी म्हटले जाते. आम्हाला हे अपुरे वाटते. महिनाअखेरीस ज्याच्या घरचा पिठाचा डबा रिकामा होतो, त्याला पैसा पोकळ आहे म्हणून सांगणे ही थट्टाच. लेखकही गरिबीचे गोडवे गात नाही. राखेच्या खोऱ्यातला गॅरेजवाला विल्सन पिचतच राहतो.

खरा प्रश्न बापाचा आहे. गॅट्सबी सांगतो, आपली माणसे श्रीमंत होती आणि सगळी वारली. प्रत्यक्षात बाप जिवंत असतो. मुलाने त्याला राहायला घरही घेऊन दिलेले असते. म्हणजे पैसा दिला, ओळख दिली नाही. मेजवान्यांना शेकडो पाहुणे. मयतीला मात्र बाप, शेजारी निक, नोकर, पोस्टमन आणि एक चष्मेवाला पाहुणा. बाप हवेलीचा मळका फोटो कौतुकाने दाखवतो. मुलाने नाकारलेला बापच शेवटी मुलाला आपला म्हणतो.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) उलटे घडते. तिथे भोगाला चटावलेला बाप मुलाचे तारुण्य मागतो. दोन्हीकडे हाव बाप-लेकाच्या नात्यावरच घाला घालते. पण ययातीला पश्चात्तापाची सवड मिळते, गॅट्सबीला नाही. म्हणून खांडेकरांचा बोध पटतो. गॅट्सबीची मयत मात्र जिव्हारी लागते. एक उणीव आम्हाला खटकते. बाप शेवटी तरी येतो, आई कुठेच दिसत नाही.

आमच्या मुलांनी दुबईला जावे, अमेरिकेला जावे, हलाल कमाई भरपूर करावी. पण ‘शिका, नाहीतर बापासारखे राहाल’ हे वाक्य आम्हीच वर्गात किती वेळा बोललो आहोत! फॉर्मवरच्या त्या ‘कंपनी’त आमचाही वाटा आहे. आता ते वाक्य ओठांवर आले की जीभ अडखळते.